आबांचं वेगळं ताट

आबा आमच्या घरी शेवटचे जेवले, त्या संध्याकाळी त्यांच्या गळ्यात त्यांनीच ओवलेली शेवंतीची माळ होती आणि कानावर दिशाने खोचलेला झेंडू. गैरसमज नको, आबा आहेत. ठणठणीत आहेत. दर रविवारी येतातही. फक्त आमच्याकडे जेवत नाहीत. येत्या दिवाळीला याला चार वर्षं होतील.

आबा म्हणजे माझे सासरे, चिमाजी. मखमलाबादला त्यांचा एकरभर फुलांचा मळा आहे. रोज सकाळी लुनाला टोपल्या बांधून फुलबाजारात जायचं, दुपारी येऊन पाणी धरायचं, असा त्यांचा क्रम. सासूबाई गेल्यापासून मळ्यातल्या घरात ते एकटेच राहतात. गंगापूर रोडला आमच्या फ्लॅटवर कायमचं यायला ते कधीच तयार नव्हते. “तिसऱ्या मजल्यावर मला झोप येत नाय. खाली माती लागती,” म्हणायचे. पण रविवारची संध्याकाळ आमची. सहाला यायचे, दिशाशी पत्ते खेळायचे, आठला आमच्यासोबत जेवायचे आणि परत जायचे. चार माणसांत बसून खाल्लेलं, आठवड्यातलं तेवढं एकच जेवण. हे ते कधी बोलले नाहीत आणि मला तेव्हा ते समजलं नाही.

मला दुसरंच दिसत होतं. माझ्या सासूबाई, नवसाबाई, शुगरने गेल्या. पायात खिळा गेला, त्यांनी हळद भरून फडकं बांधलं आणि झेंडू खुडायला गेल्या. मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. त्या जखमेचा वास सगळ्यात आधी मला यायला हवा होता. दिशा तेव्हा चार वर्षांची. मी तिचे ताप, तिचे डोस, तिचं वजन यातच अडकलेली. दवाखान्यात नेलं तोवर पाय पोटरीपर्यंत काळा पडला होता. पुढच्याच वर्षी आबांच्या रक्तातही साखर निघाली. तेव्हापासून मी त्यांच्यावर पहाराच बसवला. चहा बिनसाखरेचा. भात एक वाटी, तोही सपाट. निघताना चपला घालायच्या आत मी त्यांचे तळपाय बघायची.

“मनीषा, चित्रगुप्तबी इतकं बघत नसंल गं,” ते म्हणायचे. पण पाय पुढे करायचे.

दोन हजार चारच्या दिवाळीत सुनीलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बोनसमधून व्हीसीडी प्लेअर घेतला. कोपऱ्यावरच्या दुकानातून दिशाने एक कार्टूनचा सिनेमा आणला. हवाई बेटावरच्या एका मुलीचं कासव हरवतं आणि ती ते शोधत फिरते, अशी गोष्ट. शेवटी कासव सापडतं आणि सगळं गाव समुद्राकाठी वाळूत जेवायला बसतं. एका रांगेत. पुढ्यात हिरवीगार पानं, गळ्यात फुलांच्या माळा, कुणीतरी अननस कापतंय. दिशाने तो सिनेमा पाच दिवसांत अकरा वेळा पाहिला. शेवटचं जेवण आलं की ती मांडी घालून टीव्हीच्या जवळ सरकायची.

“आई, आपण करू ना असं. सेम असंच.”

“अगं, ते हवाई बेट आहे. आपलं नाशिक आहे.”

“मग काय झालं? आपण काय जेवत नाही का?”

सुट्टीत आम्ही कुठेच गेलो नव्हतो. सुनीलची सेकंड शिफ्ट चालू होती. पोरीला निदान एवढं तरी, असं म्हणून मी सायबर कॅफेत जाऊन बसले आणि दोन पानांचा प्रिंट काढून आणला. वाटलं होतं तेवढं अवघड काही नव्हतं. अननसाच्या फोडी आणि मांसाचे तुकडे काडीला ओवून भाजायचे. मांसाच्या जागी मी पनीर धरलं. नारळाच्या दुधातला भात. मॅकरोनीचं गार सॅलड. आणि ‘पोई’ नावाचा एक प्रकार, कसल्याशा कंदाचा जांभळट लगदा. चित्र बघून मी त्यावर काट मारणार होते.

त्या रविवारी आबांनी तो कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “हे पान तर अळवाचं हाय.”

“नाही हो आबा, ते तिकडचं काहीतरी असेल.”

“अगं, मला अळू शिकवतीस व्हय? आन हा कंद म्हंजी अळकुडी. पाटाच्या कडंला ढीगभर माजलंय आपल्याकं.” मग ते दिशाकडे वळले. “एवढा समुद्र वलांडून ते लोक अळूच खात्यात? मग हायत की आपलेच पाव्हणे!”

दिशा टुणकन उडाली. “आबा, तुम्ही त्या गावाचे राजे व्हाल?”

“राजा नको. राजाला काम नसतंय. मी माळीच बरा. माळा मी आणतो, पानं मी आणतो, अळकुड्याबी माझ्याच.”

पुढचा आठवडाभर शेजारच्या गोटीरामकडच्या फोनवरून रोज आबांचा फोन. केळीची पानं सात आणू की आठ? फाटकी चालतील का? अजिबात नको, मीच निवडून आणतो. पोरांच्या माळा गळ्याच्या मापाच्या करू का लांब? शेवंतीचा देठ टोचंल का गं त्यांना? सासूबाई गेल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. दिशा फोनवर ओरडून ओरडून उत्तरं द्यायची.

आणि शनिवारी आबांच्या शुगरचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी दोनशे अठ्ठेचाळीस.

मी गोटीरामला फोन लावला. हा माझा चुलत दीर, मळ्याला लागूनच त्याचं घर. “भाऊजी, आबा काय खातायत?” तो आधी हसला, मग म्हणाला, “वहिनी, माझं नाव सांगू नका. फुलबाजारात सकाळी जिलबी खात्यात. रोज. पुडी दुकानातच संपवून येत्यात.”

 डोळ्यांपुढे सासूबाईंचा पाय. मी तिथल्या तिथे ठरवलं. उद्याच्या त्या गोडमिट्ट जेवणातला एक घासही आबांच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, साय काढलेलं दही. ताट झाकून तयार ठेवायचं. आधी सांगायचंच नाही, नाहीतर वाद घालतील.

रविवारी आबा चारलाच हजर. केळीच्या पानांची गुंडाळी ओल्या फडक्यात, माळांची पाटी, धुऊन आणलेल्या अळकुड्या. माझ्या हातातली सुरी त्यांनी काढून घेतली. “आधी हाताला तेल लाव, खाज सुटंल.” उकडलेल्या अळकुड्या त्यांनीच सोलल्या, परातीत घेऊन हाताने मळल्या. “चिंच टाक जराशी, नायतर पोरांचा घसा धरंल.” माझ्या प्रिंटमध्ये चिंच नव्हती. मी टाकली. त्यांनी बोटावर घेऊन मला चव दाखवली, स्वतः मात्र घेतली नाही. “पंगतीच्या आधी नको,” म्हणाले. मला बरंच वाटलं, तेवढंच त्यांच्या पोटात कमी.

हॉलमधला सोफा आम्ही भिंतीला लावला होता. निळी चादर म्हणजे समुद्र. चादरीच्या कडेने पानं मांडली ती आबांनी, एकेक पान धुऊन, सगळी सरळ रेषेत. खालच्या मजल्यावरचा स्वराज आणि त्याची आई आली, बिल्डिंगमधली आणखी दोन पोरं आली. आबांनी दारातच प्रत्येकाच्या गळ्यात माळ घातली. स्वराजच्या आईला माळ हातात दिली, तर ती म्हणाली, “अय्या, खरी फुलं! मला वाटलं कागदाची असतील.” आबा असे खुलले!

“बसा, बसा. मधी जागा सोडू नका. पंगत तुटती.”

सुनील शिफ्टला गेला होता. बाकी ओळीने बसले सगळे. दिशा, स्वराज, ती दोन पोरं, स्वराजची आई आणि टोकाला आबा. माझं पान त्यांच्या पलीकडे मोकळं. आबांनी मांडी घातली, तळहातावर पाणी घेऊन आपल्या पानावर शिंपडलं, हातानेच निपटलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसले. सगळ्यांना वाढून होईपर्यंत पोरांना हात लावू देत नव्हते. “थांब रं, शेजारच्याच्या पानात पडू दे.”

मी वाढत आले. भात, काड्या, सॅलड, पोई. स्वराजच्या आईला वाढलं. मग आबांपुढे वाकले, त्यांच्या पुढ्यातलं ते निपटलेलं पान उचललं, दुमडून काखेत धरलं आणि आतून स्टीलचं ताट आणून त्या जागी ठेवलं.

आबांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. क्षणभर त्यांना वाटलं असावं की काहीतरी संपलंय. “पुरलं नाय का?” हळूच म्हणाले. “मला थोडंच दे, पण...”

“नाही आबा. हे तुमच्यासाठी मुद्दाम केलंय.”

स्वराजची आई वाकून बघत म्हणाली, “काकांचं डाएट वाटतं?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. हो म्हणून पुढे जायला हवं होतं. पण मला तेव्हा कुणालातरी सांगायचंच होतं, मी किती काळजी घेते ते. “अहो, अडीचशे आलीय शुगर. सांगून ऐकतच नाहीत. बाजारात गुपचूप जिलब्या खातात रोज. लहान मुलासारखं लक्ष ठेवावं लागतं.”

“आबा चोरून जिलबी खातात?” दिशाचे डोळे एवढे मोठे.

“जिलबीचोर! जिलबीचोर!” स्वराजने लगेच उचललं. बाकीची दोघंही. सगळे हसले. मीही हसले. आबासुद्धा हसले.

हसू ओसरलं तशी दिशा म्हणाली, “पण आई, पोई तर आबांनीच केलीय. मग त्यांना का नाही?”

“त्यांना चालत नाही, बाळा.”

“थोडी पण नाही?”

“दिशा, गार होतंय. जेव.”

आबा म्हणाले, “डाक्टरनं सांगितलंय मला. तू खा गं. झाली का चांगली?”

खरं सांगायचं तर डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. बेताने खा, एवढंच म्हणाले होते. चमचाभर अळकुडीने, पनीरच्या एका तुकड्याने आबांना काहीही झालं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी हे शिकलेली आहे. पण एकदा सैल सोडलं की गेलं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

आबांनी भाकरी संपवली. भाजी संपवली. दह्याची वाटी बोटाने पुसून घेतली. मग ताट उचलून बेसिनशी गेले आणि स्वतः घासून पालथं घातलं. माझ्या घरात त्यांनी कधी पेलासुद्धा विसळला नव्हता. मी म्हटलं, “राहू द्या हो आबा.” ते म्हणाले, “झालं की.” जाताना चपला घालण्याआधी त्यांनी आपण होऊन पाय पुढे केले. मी तळवे पाहिले. स्वच्छ होते. मला समाधान वाटलं. चांगली झाली पार्टी, असं मी चक्क म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सुनीलने विचारलं, “आबा खूश का काल?”

मी सगळं सांगितलं, रिपोर्टसकट, अगदी अभिमानाने. तो कप खाली ठेवून बसला.

“पान उचललंस? पुढ्यातलं?”

“मग काय करणार होते?”

“वेगळं ताट द्यायचं होतं तर आधी आत बसवून द्यायचंस. नाहीतर सांगायचंस, ते बसलेच नसते. ओळीत बसवून, मनीषा?”

“तुझ्या आईचं काय झालं ते विसरलास?”

“नाही विसरलो.” तो म्हणाला, “मी सहावीत असताना मळ्याकडच्या हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात वाढप आबांकडे होतं. दर वर्षी त्यांच्याकडेच असायचं. एका पोराने सरपंचांच्या बाजूला बुंदी दोनदा फिरवली आणि शेवटी बसलेल्या मजूर बायांना नुसता भात दिला. आबांनी अख्खी पंगत थांबवली. सरपंचांच्या पानातली बुंदी काढून घेतली, गं. सरपंचांच्या! ती खालपर्यंत वाटली, मग म्हणाले, आता करा सुरुवात.”

पंक्तिप्रपंच हा शब्द मला ठाऊक होता. पण तो शाळेच्या पुस्तकातला. माझं माहेर नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसच्या क्वार्टरमध्ये. आम्ही चौघं टेबलावर बसायचो, ज्याला जे आवडतं ते तो घ्यायचा, पप्पांचं पथ्याचं वेगळं असायचं. त्यात मान-अपमान असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी स्वतः ते डोळ्यांनी पाहूनही शिकले नाही. वाढून होईपर्यंत पोरांचे हात धरणारा तो माणूस माझ्यासमोरच बसला होता की.

पुढच्या रविवारी आबा सहाला आले, पत्ते खेळले. आठला मी पानं घेतली, तर म्हणाले, “जेवून आलोय.”

“असं कसं, आबा?”

“गोटीरामकं आग्रह झाला. बसा तुम्ही, मी बसतो इथंच.”

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. कधी गोटीराम, कधी फुलबाजारातला कुणी, कधी पोट जड. बोलणं सगळं पहिल्यासारखं. दिशाशी हसणं-खिदळणं तेच. माझ्यावर राग नाही, टोमणा नाही. आम्ही जेवायचो आणि ते दाराजवळच्या खुर्चीत बसून दिशाला गोष्ट सांगायचे. गोटीरामच्या बायकोने संक्रांतीला तिळगूळ देताना मला सांगितलं, “आमच्याकं कवा जेवत्यात ते? तुमच्याकून आले की चूल पेटिवत्यात. धूर दिसतो ना आम्हाला.”

मग मी एक केलं. रविवारी सगळ्यांसाठी तेच केलं. भाकरी, मेथी, दही. चार ताटं, चारही एकसारखी. आबांना म्हटलं, “बघा आबा, आज काही वेगळं नाही. बसा.” ते उठले, खरंच उठले, ताटांपर्यंत आले. सुनीलने सरकून जागा केली. तेवढ्यात दिशा नाक मुरडून म्हणाली, “आज पण मेथी? रविवारी तर तू पुलाव करतेस ना!”

आबा उभेच राहिले. “माझ्यापायी पोरीच्या तोंडचं कशाला काढतीस, मनीषा?” अगदी मायेने म्हणाले. “कर तिला पुलाव. माझं झालंय जेवण.” आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्यानंतर मी आग्रह सोडला. सोडला म्हणजे काय, मला तोंडच राहिलं नाही.

गेल्या महिन्यात मी रिपोर्ट घेऊन स्वतःच मळ्यात गेले, एकटी. एकशे बारा. डॉक्टर म्हणाले होते, या वयात असा पेशंट दुर्मीळ. आबा पाटाच्या कडेला काम करत होते. मला बघून त्यांनी हात धुतले, रिपोर्ट लांब धरून पाहिला.

“चांगलं हाय म्हंजी?”

“खूप चांगलं आहे.” मग एका दमात बोलून टाकलं. “आबा, त्या दिवशी माझं चुकलं. तुमच्या पुढ्यातलं पान मी उचलायला नको होतं.”

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. खाली बघत म्हणाले, “तू काय वाईट केलंस? ही बघ,” आणि मातीने भरलेली पायाची बोटं हलवून दाखवली. “धाच्या धा हायत. तुझ्यामुळंच हायत. तिचं कुणी बघितलं नाय, माझं तू बघितलंस. हे मी कुणालाबी सांगतो.”

“मग रविवारी...”

“ऊन लय झालंय. चल, खाऊन जा दोन घास.”

घरात त्यांनी चूल पेटवली. मी पुढे झाले, तर मला हाताला धरून पाटावर बसवलं. तव्यावर भाकरी टाकली, निखाऱ्यावर वांगं भाजलं, मिरची रगडली. साठी उलटलेला तो माणूस माझ्यासाठी भाकरी थापत होता आणि मी पाहुण्यासारखी बसून होते. ताट वाढलं, तांब्या भरून ठेवला.

“आबा, तुमचं पण घ्या ना. दोघंही बसू.”

“वाढणारा मागून जेवतो,” ते म्हणाले. “तू बस.”

हे त्यांचं खरंच होतं. असंच असतं. मी घास घेतला. भरीत तिखटजाळ होतं, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मिरचीवर घातलं आणि दही पुढे सरकवलं. अर्धी भाकरी संपली तशी दुसरी ताटात आली. नको म्हटलं तरी भरीत पडलं. मग ते उंबऱ्याशी जाऊन उकिडवे बसले, मळ्याकडे तोंड करून.

दुपारचे दोन वाजून गेले होते. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं आणि माझं होईपर्यंत ते काही घेणार नव्हते. मी भराभर खाऊ लागले.